ताप त्याला, खोली माझी

…अन् मग त्यांनी खाट उचलली अन् ओसरीवर आणून टाकली! कुणाची? माझी! कंधारात कुणालाही विचारा, हणमंतराव इंजिनवाले कोण म्हणून. तेहतीस वर्षं डिझेल इंजिनं ह्या हातांनी खोलली अन् जोडली. शाळा चौथीपर्यंत, पण इंजिन खोकलं की कुठल्या नळीत कचरा हाय ते रस्त्यावरून सांगायचो. त्या माणसाची खाट बाहेर, मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत… अन् कशापायी? तर कंप्युटरला ताप आला! तुम्हाला सांगतो, ताप त्याला, अन् खोली माझी!

आमची नात सृष्टी, आमच्या पोराची, शिवशंकरची थोरली. लग्नाच्या फिल्मा जोडती. लोह्यापासून धर्माबादेपर्यंत कुठं लग्न लागलं की शूटिंगवाले हिच्याकडं आणून टाकत्यात, अन् ही त्यातले जेवणाचे घास अन् मामाच्या जांभया काढून बाकीचं गोड करून देती. पोरगी हुशार, त्यात वाद न्हाई. पण जुना कंप्युटर दमला. नवरदेव हार घालायला हात वर करायचा अन् तिथंच थांबायचा. तुम्ही जाऊन चहा पिऊन या, हात वरच! म्हणून नांदेडहून नवा प्रोसेसर आणला. बिस्किटाएवढा. "आबा, हे त्याचं डोकं." मी म्हणलं, बरं.

बरं म्हणलो तिथंच चुकलो. दुसऱ्या दिवशी म्हणती, कंपनीनं ठरवून दिलेल्यापेक्षा याचा वेग मी वाढवला. माझं डोकंच फिरलं. अहो, इंजिनाला गव्हर्नर असतो, ठरल्यापेक्षा जास्त पळू न देणारा. तो कुणी कंपनीनं शोभेला बसवलेला असतो का? आमच्या गावात एकानं तारेनं बांधून ठेवला होता, पाणी जास्त येतंय म्हणून. तिसऱ्या दिवशी आतला दांडा भिंत फोडून शेजाऱ्याच्या तुरीत! हे सगळं मी तिला सांगितलं. तर म्हणती,

"आबा, ह्यात दांडा नसतो."

"दांडा नसंल, मर्यादा तर हाय का न्हाई?"

हसली. आपल्या घरात मर्यादा म्हणलं की हल्ली हसत्यात.

वेग वाढवला की तापणार, हे तिलाही माहीत. म्हणून तिनं त्याच्यासाठी वेगळा कूलर मागवला, नारळाएवढा, तांब्याच्या नळ्या, पातळ पत्रे, पुढं पंखा. तो त्या बिस्किटाच्या डोक्यावर चिकटून बसतो अन् त्याची गरमी ओढून घेतो. बसवताना मला हाताशी घेतलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. ती प्रोसेसरवर गरमी कूलरला पोचवायचं मलम लावून राहिली होती, अन् मला म्हणली, आबा, कूलरचं पॅकिंग तेवढं काढून द्या. मी काढलं. खोका, थर्माकोल, पंख्याला बांधलेला रबर, सगळं.

आता आमच्या घरचा एक नियम हाय. नव्या वस्तूचं प्लास्टिक सोलायचं न्हाई. फ्रिजचं दार, टीव्हीचा रिमोट, शिवशंकरच्या मोटरसायकलची सीट… सीटला तर अकरा वर्षं झाली. आपोआप फाटलं तर फाटलं, पण नख लावायचं न्हाई. सून नवी आली, पहिल्याच दिवशी मिक्सरचं सोलायला निघाली. मी नुसता खाकरलो. राहू दे, नवं हाय. तेव्हापासून घरात कुणाची छाती झाली न्हाई.

असो. कंप्युटर सुरू केला, अन् दहा मिनिटांत पंचाण्णव डिग्री! पंखा मळणी यंत्रासारखा बोंबलतोय, अन् खटकन बंद! पुन्हा सुरू, पुन्हा बंद! दुकानदाराला फोन लावला. तो गादीवाल्या खुर्चीत बसून सांगतो, "तुमच्याकडं गरमी लई हाय, मॅडम. खोली थंड ठेवा." आता घरात एसी एकच, गेल्या साली माझ्या बीपीसाठी बसवलेला, माझ्या खोलीत. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. दोन टेबलं आत गेली, खाट मावंना. एका घामाच्या माणसाला बाहेर काढून त्या डबड्याला सोळा डिग्रीत बसवलं. ताप त्याला, अन् खोली माझी!

अन् तरी उतरला का? नाव नको! आठ दिवस पंचाण्णवच्या पंचाण्णव! सृष्टी रडकुंडीला आली, लोह्याच्या नवरीचा बाप रोज फोन करतोय. नवव्या दिवशी ती अन् शिवशंकर बाजाराला गेले, आमची बायको गुणाबाई भजनाला. मी खोलीत शिरलो. माझ्याच खोलीत, चोरासारखा! कंप्युटर चालू केला, सृष्टी लावती तशी नवरीची फिल्म लावली. झाकण काढलेलंच होतं. पंखा बोंबलायला लागला तसा कूलरच्या पत्र्यांना हात लावला.

गार!

अहो, बकरीच्या नाकासारखे गार! इंजिन पेटलंय अन् रेडिएटर गार, म्हणजे काय? गरमी तिथवर पोचतच न्हाई! हे ओळखायला नांदेडचं दुकान लागत न्हाई. बंद केलं, चार स्क्रू काढले, कूलर उलटा केला… अन् बुडाला बघतो तर प्लास्टिक. पातळ, चकचकीत. वर तांबड्या अक्षरात इंग्रजी. दुसऱ्या दिवशी एका कंडक्टरकडून वाचून घेतलं: बसवण्याआधी हे काढा. अरे, मग मराठीत लिहायला काय झालं होतं?

पॅकिंग कुणी काढलं होतं, आता तुम्ही विचारू नका.

त्या दिवशी ह्या हणमंतरावानं आयुष्यात पहिल्यांदा नव्या वस्तूच्या प्लास्टिकला नख लावलं. जुनं मलम पुसलं, खणातलं नवं वाटाण्याएवढं लावलं, स्क्रू आवळले. प्लास्टिकची घडी बंडीच्या खिशात.

संध्याकाळी सृष्टीनं सुरू केलं. बासष्ट! घरभर आनंद. अन् दुकानदार फोनवर काय म्हणतो? "मी म्हणलं न्हवतं? भिंती गार व्हायला आठ दिवस लागत्यात. आता ती खोली सोडू नका!"

आता बघा माझी गोची. खिशातलं काढून दाखवलं तर खोली लगेच मिळती. पण मग उद्या फ्रिज, परवा सीट, अन् सून मिक्सर घेऊन माझ्यासमोर सोलत बसणार! तोंड उघडलं. गुणाबाई माझ्या खिशाकडं बघून राहिली होती. म्हणली,

"अवं, काही बोलायचं का?"

"न्हाई."

तेवढ्यात सृष्टी म्हणली, आबा, एवढं गार राहतंय तर अजून वेग वाढवते. वाढवला! आता पुन्हा एसीशिवाय भागत न्हाई!

म्हणजे खोली गेली ती गेलीच. तुम्हाला सांगितलं, घरी सांगू नका. शिवशंकरनं माझ्यासाठी ओसरीवर उभा पंखा आणून ठेवला, चांगला मोठा. जाळीला कंपनीचं प्लास्टिक गुंडाळलेलं. सून कात्री घेऊन आली अन् माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली, काढू का म्हणून. सगळं घर दारात.

मी म्हणलं, राहू दे, नवं हाय.

वारा जरा कमी लागतो.