चेनीत बसलेलं मीठ

"हॅलो?… हो, मीच. बोल."

मुलांनो, या, तुम्हीही माझ्याबरोबर दाराच्या या बाजूला बसा. कल्पना करा, की तुम्ही नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आहात, घरात सगळे तुम्हाला भिंगरी म्हणतात, पुढ्यात अर्धवट सोडवलेलं गणित आहे आणि आतल्या खोलीत मावशी फोनवर बोलते आहे. पलीकडचं माणूस काय म्हणतं ते काही ऐकू येत नाही. मावशीचं तेवढं येतं. उरलेलं आपणच जुळवून घ्यायचं.

"जेवले… नाही गं, आवाज बरा आहे माझा. तू सांग. आज रविवार, दिवसभर काय केलंस?… झोपून होतीस. बरं."

पलीकडे कोण आहे ते भिंगरीने लगेच ओळखलं. मावशीची मैत्रीण. दोघी एकाच चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. मावशी मागच्या खोलीत भिंगं घासायची, मैत्रीण पुढे गिऱ्हाईक सांभाळायची. दर गुरुवारी संध्याकाळी दोघी तरणतलावावर जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकायच्या, म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली पोहायला. तिथल्या क्लबची फी होतीच, वर सामानाचं भाडं वेगळं. म्हणून दोघींनी निम्मे-निम्मे घालून पाण्यात घालायचा एक जुना रबरी सूट घेतला होता. एका गुरुवारी तो हिने घालायचा, तिने भाड्याचा; पुढच्या गुरुवारी उलट. अंगलोट सारखाच, त्यामुळे भांडण नाही. आता राहिला होता फक्त समुद्र. तिथे एकदा बुडी मारली की क्लबचा दाखला मिळायचा. पण एकट्या शिकाऊ माणसाला क्लब बोटीत घेत नसे. जोडी लागायची. यांची जोडी पहिल्या दिवसापासून ठरलेली.

"हो, हो… अगं ऐक ना. क्लबची बोट आज जाणारच नाही म्हणालीस ना? समुद्र खवळलाय म्हणून. तूच काल फोन केलास. मी मुकाट्याने भरलेली बॅग रिकामी केली… ऐक तर. मघाशी गॅलरीत टांगलेल्या सूटला हात लागला. ओला. मला वाटलं, वरच्यांनी झाडांना पाणी घातलं. मग वास घेतला… नाही, तलावाच्या क्लोरीनचा नाही. समुद्राचा. चेनीच्या दातांत मीठ बसलंय, बाई. पांढरं."

मावशी टेबलावर बोटं वाजवत होती, ते बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

"कुणाबरोबर गेलीस?… कोण दातांची डॉक्टरीण? सोनेरी काड्यांच्या चष्म्यासाठी तीनदा परत आली होती, ती?… असं. तिला जोडीदार नव्हता आणि तुझ्याकडे बोटीचे पैसे नव्हते. तिने तुझे भरले. छान जुळलं की."

मावशी हसली. ते हसू ऐकून भिंगरीला मुळीच बरं वाटलं नाही.

"कळतं मला. बोटीचं भाडं, शिकवणाऱ्या सरांची फी, टाकी भरून घ्यायचं वेगळं. मीही त्याच दुकानातून पगार घेते… मग तसं म्हणायचं होतंस ना. थांबलो असतो महिना-दोन महिने. समुद्र काय कुठे पळून जाणार होता?… लाज? मला सांगायची लाज वाटली, आणि खोटं बोलायची नाही वाटली?… केसाने गळा कापलास गं."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मावशी उभी राहिली असावी.

"मध्ये बोलू नकोस. सरांनी सराव म्हणून तलावाच्या तळाशी माझी हवा बंद केली होती, आठवतं? तुझ्याकडची जादा नळी तोंडात घ्यायला लावली. मी जिवाच्या आकांताने हातपाय मारत होते. तू माझा दंड धरलास आणि सावकाश, सावकाश अशी खूण करत राहिलीस. तेव्हापासून मी खाली कधी घाबरले नाही. लोकांना वाटलं, बाई धीट आहे. कसली धीट. तू शेजारी होतीस, एवढंच… आता खाली गेल्यावर तू बोटाने 'ठीक आहे' म्हणालीस, तर ते खरं की खोटं, मी कसं ओळखायचं?"

मावशीचा आवाज आता अगदी खाली आला होता.

"रडू नकोस. तू रडलीस की मी विरघळते, हे तुला पक्कं ठाऊक आहे… नाही, पुढच्या रविवारीही नको. तुझं झालं ना काम? मला जोडी नाही, म्हणजे मला समुद्र नाही. जाऊ दे… एक मात्र सांग. सूट आमच्या घरातून बाहेर गेला कसा?"

भिंगरीने हातातली पेन्सिल खाली ठेवली. सकाळी मावशी बाजारात गेलेली असताना मैत्रीणकाकू आल्या होत्या. गालाला हात लावून म्हणाल्या होत्या, "मावशीला सांगायचं नाही हं, गंमत आहे." भिंगरीने सूट काढून दिला. दुपारी मावशीचा डोळा लागलेला असताना तो परत घेतला, जागच्या जागी टांगला, आणि मावशी गंमत कळल्यावर कशी हसेल, या विचारात दिवसभर स्वतःशीच हसत राहिली.

"काय म्हणालीस?… कुणी दिला?… पोरीने?"

खुर्ची पुन्हा सरकली. मावशी खाली बसली असावी.

"मला फसवलंस ते फसवलंस. तिलाही कामाला लावलंस… नको. काही सांगू नकोस. ठेवते मी."

मावशीने फोन टेबलावर ठेवला. तो लगेच पुन्हा वाजू लागला. मावशी त्याच्याकडे नुसती बघत बसली. भिंगरी दारातून आत आली आणि तिने तो उचलला.

"हॅलो?… मी भिंगरी बोलतेय… मावशी इथेच आहे. पण देत नाही… काकू, तुम्ही गंमत आहे म्हणाला होतात. कुणाची गंमत?"

तिने फोन बंद केला. मग मावशीकडे वळून म्हणाली, "दार मीच उघडलं. दुपारी सूट मीच परत टांगला."

एवढं म्हणून ती तिथेच उभी राहिली. मावशी काय बोलते ते ऐकायला.