घड्याळाचं डोकं फोनात

घड्याळ कुणाच्या जिवावर चालतं, ते मला आत्ता कळलं, ऐका. नवऱ्याचं काळीज मधूनच धडधडतं, म्हणून लेकीनं त्याच्या हाताला ते नवं घड्याळ बांधलं. ठोके बिघडले की ते वाजणार होतं. परवा शेतात त्याला भोवळ आली, तरी घड्याळ गप्प. मी लेकीला फोनवर झापलं.

ती म्हणाली, "बाबांचा फोन कुठं होता?"

"घरात, तांदळाच्या डब्यावर. चिखलात न्यायचा काय?"

"आये, घड्याळ नुसते ठोके घेतं. ते बिघडलेत का, हे फोन ठरवतो."

"मंग घड्याळाला डोकं नाय?"

"हाय गं, पण बॅटरी एवढीशी. सगळं तेच करत बसलं तर दुपारीच संपंल. म्हणून जड काम फोनकडं."

मला पटलं. नवरा फोन कुठंही विसरतो, म्हणून आता फोन मीच पिशवीत घालून कमरेला बांधते. फोन लांब गेला की घड्याळानं थरथरायचं, असंबी लेकीनं आता लावून दिलंय. काल आमी कडावच्या बाजारात गेलो. हा नेहमीसारखा ढांगा टाकत पुढं. फोन लांब राहिला तसं घड्याळ थरथरलं, नि हा जागेवर उभा.

"ये गं लवकर," म्हणाला.

लग्नाला तीस वर्षं झाली. रस्त्यात माझ्यासाठी थांबलेलं मी त्याला कालच बघितलं.