वाढवून राहिली

माझं लग्न कसं जमलं ते ऐका, चहा निवला तरी चालेल.

आमच्या गावी, गोरेगावला, अंगणात आंब्याची एक आडवी फांदी आहे. मला डोंगराचे कडे चढायचा नाद. कड्यावर हात फार लवकर भरून येतात, म्हणून रोज सकाळी मी त्या फांदीला हात सुटेपर्यंत लटकायची.

एकदा शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "काऊन लटकून राहिली वो?"

सांगायचं होतं की हातातला दम वाढवून राहिली. पण नेमका तोच संपत आला होता. तोंडातून एवढंच निघालं, "वाढवून राहिली, काकू."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाढव बाई," म्हणाल्या आणि गेल्या.

त्याच आठवड्यात त्यांच्या बहिणीचा मुलगा मला पाहायला येणार होता, सौंदडहून. तो यायच्या आधी त्याच्या आईचा आमच्या आईला फोन आला. आवाज काळजीचा. "पोरीले म्हणा, लटकणं बंद कर. आहे तेवढी उंची पुरे. आमचा पोरगा आता वाढत नाही."

आईनं अंगणात येऊन मला ते सांगितलं आणि कपाळाला हात लावला. मी तेव्हाही लटकलेलीच होते, हसता हसता फांदीवरून पडले.

तरीही मुलगा आला, आणि खरी गोष्ट ऐकून पोट धरून हसला. आता मी कडा चढते, तो खाली दोर धरून उभा असतो. परवा वरून विचारलं, "कसं वाटून राहिलं?"

मान वर करून म्हणाला, "मायले ज्याचं भेव होतं, तेच झालं. तू माझ्याहून उंच गेली."