म्वाम्बा कोणत्या वाटेने गेला

(सोमवारची सकाळ. बाबा, म्हणजे माझे सासरे, बाहेर बाकावर. मी दाराच्या आत. माझी चार वर्षांची इमाली कधी आत, कधी बाहेर.)

बाबा : शुक्रवारी याच बाकावर बसून सांगितलं होतं, उद्या पोरीला झुंजीच्या मैदानात आणू नकोस. आपल्या बैलाला तिचा आवाज ओळखीचा झालाय.

मी : सांगितलं होतंत.

बाबा : आणि तू काय केलंस?

मी : हसले.

बाबा : नुसती हसली असतीस तर चाललं असतं. तू म्हणालीस, "बाबा, एवढ्या गलक्यात त्याला माणसाचा आवाज काय कळणार?"

मी : म्हणाले. चहा ठेवलाय बाकाच्या टोकाला. मी मागे सरले, घ्या आता.

बाबा : ही रीत बरी पाळतेस. सासऱ्याच्या हाताला हात लागायला नको. मग तेवढं एक का नाही ऐकलंस?

मी : मला वाटलं, बायकामुलं आली की बैल बाटतो, त्यातलंच काहीतरी. आणि इमालीला ठेवणार कोणाकडे? तुमचा मुलगा नैरोबीत. शेजारची मुकाब्वा स्वतःच मैदानात, शिट्ट्या फुंकत.

बाबा : ती ढोलवाल्यांच्याही पुढे असते. सत्तर वर्षांची झाली, गुडघे अजून लोखंडाचे.

मी : तुमच्या गुडघ्याला तेल लावलंत का?

बाबा : गुडघ्याचं राहू दे. चाळीस वर्षं बैल लढवले मी, इमालीच्या आई. हरलेले पाहिले, शिंग मोडलेले पाहिले. पण ऐन झुंजीत कोणी "म्वाम्बा!" म्हणून हाक मारली आणि बैलाने मान वळवली, हे नाही पाहिलं. समोरच्याने बरगडीत शिंग घातलं तरी हा आपल्या पोरीकडेच बघतोय. आणि मग पळाला तो तिच्याच दिशेने.

मी : मी पण नाही पाहिलं.

बाबा : तू तर तिथंच होतीस.

मी : डोळे मिटले होते, बाबा. माणसं दोन्हीकडे पांगली, कोणाचा तरी धक्का लागला, तिचा हात सुटला. मी धावायला हवं होतं. मी उभी राहिले आणि डोळे मिटले. मी! पाण्याच्या पिंपावर झाकण आहे ना, हे दिवसातून दहा वेळा बघणारी. ती झोपली तर श्वास चालू आहे का बघणारी.

बाबा : अशा वेळी सगळेच मिटतात.

मी : तुम्ही नाही मिटलेत. तुम्ही काठी टाकून धावलात.

बाबा : पोचलो कुठे? मी पोचायच्या आत तो थांबलाही होता.

इमाली : म्वाम्बाने माझा हात चाटला. हातात काहीच नव्हतं, तरी.

मी : हो गं राणी.

इमाली : त्याला वाटलं मी ऊस आणलाय. आजोबा, आज त्याला ऊस देऊ?

बाबा : जा, कोंबडीने अंडं घातलं का बघून ये.

इमाली : काल घातलं.

बाबा : मग आजचं बघ.

मी : ती ऊस देत होती, हे तुम्हाला माहीत होतं?

बाबा : गोठ्याच्या मागच्या भिंतीची माती ढासळली होती. तिचा हात जाईल एवढं भोक. उसाची चिपाडं पडलेली असायची खाली.

मी : मग बुजवलं का नाहीत?

बाबा : बुजवणार होतो. माती कालवूनही ठेवली होती.

मी : मग?

बाबा : ती आतल्या बैलाला काय काय सांगत होती. तू तिला कसं रागावलीस, पावाचा तुकडा कसा पडला. आणि तो फुरफुरत होता. मी म्हटलं, राहू दे. बिचारा दिवसभर अंधारात एकटा.

मी : तो अंधारात एकटा का असतो, बाबा?

बाबा : आलीस मुद्द्यावर. मला वाटलंच होतं, चहा संपायच्या आत येशील.

मी : भांडत नाहीये. ताकद नाही भांडायची. विचारतेय.

बाबा : दुसरी गुरं दिसली, गाई दिसल्या की बैल निवतो. निवलेला बैल लढत नाही.

मी : म्हणजे तो लढाऊ नसतोच. तुम्ही करता. कोंडता, मळी पाजता, वर दारू, शिंगं कानशीने घासता. आणि मग म्हणता, त्याच्या रक्तातच आहे.

बाबा : आणि नांगराचा बैल? दहा वर्षं चाबूक खातो, त्याच्यासाठी कोणी ढोल वाजवतं? म्वाम्बाच्या अंगावर माझी काठी कधी पडली नाही. गावाने त्याच्या नावाची गाणी केली. आणि आमच्याकडे मरेपर्यंत झुंजवत नाहीत. ज्याने पाठ दाखवली तो हरला, संपलं.

मी : संपलं म्हणजे खाटीक.

बाबा : ...साखर जास्त पडलीय आज.

मी : नेहमीएवढीच आहे.

बाबा : खायेगा गावचा खाटीक येऊन गेला परवाच. तो हसला नाही. बाकीचे हसले. "लुसेनो, तुझ्या बैलाला अंगाई म्हणायला लाव." तो मात्र टोपी काढून उभा राहिला, मयताला आल्यासारखा. तेच जास्त लागलं.

मी : नाही म्हणालात ना?

बाबा : माझा बाप गेला तेव्हा लोकांनी अंगणात सतरा बैल आणले. कबरीवरचा मातीचा ढीग बैलांनी तुडवून सपाट केला. ती धूळ अजून माझ्या नाकात आहे. मला वाटायचं, माझ्या मातीवर म्वाम्बा येईल. पण पळालेला बैल मयताच्या अंगणात आणत नाहीत.

मी : तुम्हाला कसली घाई आहे?

बाबा : घाई नाही. माणूस मनात आपली जागा झाडून ठेवतो, इतकंच.

मी : त्याला राहू द्या ना, बाबा. उघड्यावर, गाईंबरोबर. इमाली अंगणात पाऊल टाकणार नाही, मी बघते.

बाबा : पळालेला बैल पुढच्या शनिवारपर्यंत गावात ठेवत नाहीत. आपल्याला बघून दुसरेही ठेवतील, मग झुंज कसली.

मी : तुमची बहीण आहे ना इलेहोला. त्यांच्याकडे गाई आहेत, बैल नाही. तिकडे न्या.

बाबा : कालपासून तेच डोक्यात आहे.

मी : मग न्या की! अडलंय कुठे?

बाबा : पंच म्हणून किती जणांचे बैल मी खाटकाकडे पाठवलेत, तुला माहीत नाही. शिटांडा माझ्या पायाशी बसून रडला होता. मी म्हटलं, रीत म्हणजे रीत. त्याच्या दारावरून याला इलेहोला नेऊ? त्याने विचारलं, माझा बैल कडू होता का, तर काय सांगू?

मी : सांगा, सुनेने ऐकलं नाही.

बाबा : ते तर तान्ह्या पोरांनाही माहीत झालंय.

मी : मग सांगा की चुकलं. शिटांडालाच सांगा.

बाबा : या वयात?

मी : या वयात म्हणूनच. ...म्वाम्बाची दोरी का सोडताय? आत्ता निघालात?

बाबा : ऊन चढायच्या आत.

मी : मी येते. इतकं चालणं झेपायचं नाही तुम्हाला.

बाबा : पुढे सासरा, मागे सून, मध्ये पळालेला बैल. पुढच्या तीन लग्नांत आपलंच गाणं होईल.

मी : होऊ दे.

बाबा : नको. तू पोरीकडे बघ.

मी : कुठल्या वाटेने जाणार, एवढं तरी सांगा.

बाबा : शिन्यालूच्या चौकापर्यंत वाट एकच आहे.

मी : त्यापुढे?

बाबा : त्यापुढे दोन आहेत, एक इलेहोची, एक खायेगाची. चौकात पोचल्यावर बघतो.

इमाली : अंडं नाहीये! आजोबा, म्वाम्बाला कुठे नेताय?

बाबा : फिरवून आणतो.

इमाली : मग हा ऊस घ्या. तो दमला की द्या. तुम्ही दमलात तर अर्धा तुम्ही खा.

बाबा : बाकावर ठेव... नाही, तू हातात दे.

मी : दुपार होऊन गेली. बाबा फोन नेत नाहीत, आणि सुनेने मागे धावायचं नसतं. तुम्ही हे वाचताय आणि त्या बाजूला असाल, तर शिन्यालूच्या चौकात बघा जरा. डाव्या पायाने लंगडणारा एक म्हातारा, तपकिरी टोपी, आणि एक काळा बैल, बरगडीवर वाळलेली जखम. कोणत्या वाटेला लागलेत, ते मला नंतर सांगा. आधी त्यांना सावलीत बसवा. पाणी द्या. पेला बाजूला ठेवून मागे सरायची गरज नाही, तुमच्या हातून घेतील ते.