साफ केलेला आवाज

अम्मी: बंद कर ते रेकॉर्डिंग. कोण आहे हा?

लेक: अब्बाच आहेत, अम्मी. असं काय विचारतेस?

अम्मी: शब्द त्यांचे, आवाजही त्यांचा. पण माणूस कुठेय? एवढं अल्लाचं नाव घेतोय आणि मध्ये श्वास म्हणून घेत नाही!

लेक: साफ केलंय मी. खालच्या शिलाई मशीनची खडखड होती, त्यांच्या छातीची घरघर होती. स्टुडिओत आम्ही आधी श्वासच काढून टाकतो. ऐकणाऱ्याला खटकतात.

अम्मी: तुझ्या अब्बांचा श्वास खटकला?

लेक: तसं नाही गं. ते गेल्यावरची ही पहिलीच जुमेरात, पहिला गुरुवार. आज जिक्रला, अल्लाचं नाव घ्यायला, नवीन मुलं-मुली येणारेत, दिवसभर ऑफिसात कावलेली. अब्बा स्वतःच तयार झाले होते की नाही? ताईत बंद, हाताचे मुके घेणं बंद, बैठक आटोपशीर, बायकांपुढचा पडदा काढायचा. गाभा तेवढा ठेवायचा.

अम्मी: झाले होते तयार. जुन्या मुरीदांनी, त्यांच्याच शिष्यांनी, नावं ठेवली तरी. मला म्हणाले, "पोरगा फांद्या छाटतोय, मुळाला हात लावणार नाही."

लेक: मग?

अम्मी: शब्द संपल्यावर ते गप्प व्हायचे ना, तो भाग लाव.

लेक: तो नाहीये.

अम्मी: नाहीये म्हणजे?

लेक: तिथे काहीच नव्हतं, अम्मी. नुसती शांतता. मला वाटलं दमून थांबलेत. कापली मी.

अम्मी: या अल्ला! अरे, तोच तर जिक्र होता. नाव जिभेवरून उतरून श्वासात जातं. घेताना 'अल्लाह', सोडताना 'हू', आवाज न करता. त्याआधीचं सगळं म्हणजे नुसतं दार ठोठावणं.

लेक: मला कधी बोलले नाहीत ते.

अम्मी: तू शेवटपर्यंत बसलास कधी? शब्द संपले की चपला शोधायला पहिला तू.

लेक: खरंय.

अम्मी: न कापलेलं असेल ना कुठेतरी?

लेक: त्याच्यावरच सेव्ह केलं. वाटलं, काय घाई आहे, पुन्हा बसवू अब्बांना. ते असे जातील हे कुठे माहीत होतं?

अम्मी: रडू नकोस. नाही, रड. मीही मघापासून दात आवळून बसलेय.

लेक: लोक येतील आता. काय ऐकवू त्यांना?

अम्मी: ते डबडं ठेव बाजूला. मी बसते.

लेक: तू? पुढे? त्यांच्या जागेवर?

अम्मी: का? पडदा काढलास तो काय धुवायला?

लेक: बस गं, बस. पण तुला येतं?

(अम्मी डोळे मिटते. खोलीत नुसता तिचा श्वास ऐकू येतो.)

लेक: अम्मी, हे तर अब्बाच. घेताना तेच अडखळणं, सोडताना तसंच लांबवणं. कधी शिकलीस तू हे?

अम्मी: जन्म पडद्याआड गेला, बेटा. ते कुठे दिसायचे? श्वास तेवढा यायचा माझ्या वाट्याला.