तक्रारीचा रकाना

नाव: सोबत जोडलेल्या ओळखपत्राप्रमाणे (ऑफिसात सगळे 'होयबा' म्हणतात). वय: ४७ वर्षे. धंदा: नोकरी, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत तपासनीस. राहणार: औषधाच्या दुकानावर, दुसरा मजला. जिन्यातला दिवा बंद आहे, चौकशीला येणाऱ्यांनी जपून यावे.

मी समक्ष, कोणी बोलावलेले नसताना पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी व सासूबाईंसह राहतो आणि सदर कंपनीत एकोणीस वर्षे नोकरीला आहे. 'कोणी बोलावलेले नसताना' हे शब्द मुद्दाम घालून घेतले आहेत. बोलावल्याशिवाय मी आजवर कुठे गेलेलो नाही, आणि बोलावल्यावर न जाण्याची हिंमत कधी केलेली नाही.

माझे काम असे की, नवीन सॉफ्टवेअर दवाखान्यात जाण्याआधी त्यात खोटे पेशंट भरायचे, त्यांना दाखल करायचे, औषधे द्यायची, घरी सोडायचे आणि कुठे गडबड होते ते पाहायचे. खोट्या पेशंटलाही नाव, वय, तक्रार, नातेवाईकाचा फोन हे सगळे द्यावे लागते, नाहीतर पुढचे पान उघडत नाही. माल दवाखान्याला देण्याआधी हे सगळे पेशंट पुसून टाकतात. त्याला आमच्याकडे 'झाडू मारणे' म्हणतात. झाडू मारायला चार तास लागतात. तो मारला अशी खूण यादीवर मी करायची असते.

हवालदारांनी 'खोट्या पेशंटच्या तक्रारी कुठून आणल्या' असे विचारल्यावरून सांगतो की, आमच्या ऑफिसात जिन्याजवळ एक तक्रारपेटी होती. आठ महिन्यांपूर्वी व्यवस्थापनाने ती काढून तिथे 'आनंदभिंत' केली. रंगीत चिठ्ठीवर फक्त चांगले लिहून चिकटवायचे, असा नियम आहे. पेटी कुलूप तोडून उघडली तेव्हा आत तीन चिठ्ठ्या निघाल्या. त्यातल्या एकीवर 'या पेटीची किल्ली हरवली आहे' असे लिहिलेले होते. ती चिठ्ठी माझी. खाली सही नव्हती.

पेटी गेल्यावर सबंध इमारतीत 'तक्रार' हा शब्द एकाच जागी उरला, तो म्हणजे पेशंटच्या फॉर्मवर. रकाना चांगला ऐसपैस आहे, पाचशे अक्षरे मावतात. मी एक दिवस सहज लिहिले, दुसऱ्या दिवशी मन लावून लिहिले, आणि मग सवयच लागली. ज्यांच्यामुळे तक्रार आहे त्यांना सोडून बाकी सगळीकडे तक्रार करण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

असे मी छत्तीस पेशंट केले. रजा नाकारली की एकाला ताप, माझा दोषअहवाल साहेबांनी 'किरकोळ' असा शेरा मारून परत पाठवला की एकाला कानाचा त्रास. त्यातले पस्तीस तपासून लगेच घरी सोडलेले होते. चौदा नंबरचा मात्र मी वॉर्ड तीन, बेड चौदा इथे दाखल करून ठेवला होता. त्याची नोंद माझ्या आठवणीप्रमाणे अशी: 'नाव होयबा. पुरुष, वय ४७, टक्कल, चष्मा. तक्रार: मान वर होत नाही. वाकून वाकून पाठ धरली आहे. बोलायला गेलं की घसा बसतो. कालावधी एकोणीस वर्षे. घरी सांगितले का: नाही. रुग्ण म्हणतो, एक दिवस उठून चालायला लागेन, कोणाला पत्ताही लागणार नाही.' नातेवाईकाच्या फोनच्या जागी पत्नीचा नंबर होता. नंबर चालू असलेलाच लागतो, आणि मला दुसऱ्या कोणाचा पाठ नाही.

या नोंदीवर हवालदारांनी माझ्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले आणि पुन्हा माझ्या डोक्याकडे पाहिले. मी चष्मा काढून ठेवला, पण टक्कल काढता येईना.

सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या विभागाचे साहेब माझ्या टेबलाशी आले. काहीही विचारले तरी ते 'होऊन जाईल' म्हणतात, म्हणून त्यांना आम्ही मागे 'होऊन जाईल साहेब' म्हणतो. ते म्हणाले, "दवाखान्याला दहा वाजता द्यायचंय. झाडू नंतर मारू." मी "ठीक आहे साहेब" म्हणालो. खरे सांगायचे तर ते 'झाडू'पर्यंतच पोचले होते तेव्हाच मी म्हणून मोकळा झालो होतो. मग त्यांनी यादी पुढे केली आणि 'झाडू मारला' यासमोर मी खूण केली. कोणी माझा हात धरून करून घेतली नाही. खूण चांगली ठसठशीत आहे.

माल दवाखान्याकडे सोडण्याचे बटण मदतकक्षातल्या ताईंच्या लॉगिनमधून दाबावे लागते. ताई माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात, नऊ वर्षे दवाखान्यांचे फोन घेतात. त्यांनी मला विचारले, "झाडू मारलाय ना हो?" मी यादी दाखवली. त्यांनी खूण पाहिली आणि बटण दाबले. माझ्या खुणेवर विश्वास ठेवला एवढाच त्यांचा दोष.

मंगळवारी सकाळी सात वाजता पाळी बदलताना दवाखान्याने नवीन सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालू केले, तेव्हा वॉर्ड तीनच्या सिस्टरना स्क्रीनवर बेड चौदाला पेशंट दिसला आणि बेडवर कोणी दिसले नाही. त्यांनी तक्रारीचा रकाना वाचला. 'उठून चालायला लागेन' हे वाचून त्या घाबरल्या, आणि त्यांचे काही चुकले नाही. त्यांनी "होयबा कोण आहे? होयबा, कुठे आहात तुम्ही?" अशा वॉर्डभर हाका मारल्या. मला ऑफिसात रोज याच नावाने हाक मारतात, पण इतक्या काळजीने कोणी मारल्याचे मला आठवत नाही. त्यानंतर या ठाण्यात इसम हरवल्याची नोंद झाली. आपल्या ठाण्याचे दोन शिपाई गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत उतरले, एक मागच्या नाल्यात उतरले. त्यांची मी हात जोडून माफी मागतो. त्या वेळात बेड चौदा भरलेला दिसत असल्याने एका म्हाताऱ्या बाईंना अडीच तास बाहेरच्या चाकाच्या खाटेवर ठेवले होते. त्या आता बऱ्या आहेत, हे मी काल फोन करून विचारून घेतले. नाव न सांगता विचारले.

त्याच दिवशी आठ वाजून चाळीस मिनिटांनी ठाण्यातून माझ्या पत्नीला फोन आला की तुमचे पेशंट वॉर्डातून नाहीसे झाले आहेत. ती म्हणाली, "कोणते पेशंट?" तिला वर्णन वाचून दाखवले. ती म्हणाली, "माणूस तर आमचाच वाटतोय, पण ते आत्ता आंघोळीला गेलेत." पलीकडच्यांना वाटले की बाईंना धक्का बसला आहे. त्यांनी धीर देत देत सगळा रकाना वाचून दाखवला, 'घरी सांगितले का: नाही' इथपर्यंत. मी बाहेर आलो तेव्हा ती फोन हातात धरून उभी होती. मी काय झाले विचारले. ती म्हणाली, "तुमची पाठ कधीपासून दुखतेय?" माझ्या अंगावर पाणी होते म्हणून बरे, घाम दिसला नाही.

अकरा वाजता ऑफिसात बैठक झाली. मी, साहेब, वरचे दोन साहेब. ताईंना बोलावले नव्हते. सगळ्यात मोठ्या साहेबांनी विचारले, "हा चावटपणा कोणाचा?" होऊन जाईल साहेब म्हणाले, "लॉगिन मदतकक्षाच्या बाईंचं आहे, म्हणजे त्यांनीच केलं असणार." मग त्यांनी माझ्याकडे पाहून "काय हो?" असे विचारले. त्या वेळी मी मान हलवली. कोणत्या दिशेला, असे हवालदारांनी विचारले. वरून खाली. माझी मान वर होत नाही असे मी लिहिले होते ते खोटे आहे. साहेब बोलू लागले की ती वर-खाली छान होते.

दुपारी ताईंना 'खोडसाळपणे दवाखान्याची दिशाभूल केली' असे पत्र देऊन घरी पाठवले, आणि तसाच अर्ज कंपनीने इथे दिला. ताई डबा पिशवीत भरत होत्या. मी त्यांच्यापाशी जाऊन "ताई, मी बोलतो साहेबांशी" असे म्हणालो. त्यांनी पिशवीची चेन लावली आणि म्हणाल्या, "राहू द्या हो. तुम्हाला जमायचं नाही ते. उगाच घसा बसेल." त्यांनी ती नोंद वाचली होती. त्या रागावल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तर मी ऐकून घेतले असते, त्याची मला सवय आहे. पण त्या मला सांभाळून घेत होत्या. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी घरी पत्नीने चहा पुढे ठेवला आणि स्वतः समोर बसली. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, जावईबापू सापडले का?" पत्नी हसली नाही. मला म्हणाली, "अहो, एकोणीस वर्षं तुम्ही ऑफिसातून येऊन 'ठीक होतं' म्हणता. आणि मला तुमची तक्रार पोलिसांकडून कळते?" मी म्हणालो, "तुला कशाला त्रास." ती म्हणाली, "आणि त्या बाईंना झाला तो?" चहा गार झाला तो मी तसाच प्यालो.

म्हणून आज बुधवारी सकाळी दहा वाजता मी आलो. सोबत यादीची मूळ प्रत आणली आहे, खूण माझ्या हातची आहे. छत्तीसच्या छत्तीस पेशंट माझे आहेत, ताईंनी त्यातला एकही लिहिलेला नव्हता, किंवा बटण दाबण्याआधी वाचलेला नव्हता. झाडू न मारता माल द्यायला साहेबांनी सांगितले. ही गोष्ट मी बैठकीत सांगितली नाही, ती इथे सांगतो. माझी नोकरी जाईल हे मला समजते. मला भीती वाटते, तेही लिहून घ्यावे. ठाण्यात शिरण्याआधी मी समोरच्या फुटपाथवर तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला दारावरच्या शिपायांनी "काही हरवलंय का?" असे विचारले, म्हणून आत यावे लागले.

हरवलेल्या इसमाची नोंद अजून उघडी असल्याचे हवालदारांनी सांगितले. ती बंद करायची तर इसम कुठे, कोणत्या स्थितीत मिळाला आणि कोणाच्या ताब्यात दिला हे लिहावे लागते. असा कोणी इसम नाही, असे लिहावे का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, तसे लिहू नका, त्याला शोधायला माणसे टाकीत उतरली आहेत. इसम स्वतः ठाण्यात हजर झाला, असे लिहिले. स्थितीच्या जागी 'घाबरलेला, पण बोलतो' असे लिहिले. ताब्यात घेणार म्हणून पत्नीने सही केली. ती बाहेर बाकावर ताईंच्या शेजारी बसली आहे. ताईंना तिनेच फोन करून बोलावले, मला जमले नव्हते.

हवालदार जबाब वाचून दाखवू लागले. दुसऱ्याच ओळीला मी "हो, हो, बरोबर आहे" म्हणालो. ते म्हणाले, "अहो, पुरतं ऐका तरी." मग मी शेवटपर्यंत ऐकले. यादीच्या परिच्छेदात त्यांनी 'झाडू मारायचा राहून गेला' असे लिहिले होते. मी त्यांना थांबवून म्हणालो, "साहेब, हे बरोबर नाही." त्यांनी वर पाहिले. मी सांगितले, राहून गेला नाही. मारला नाही, आणि मारला अशी खूण मी केली. माझा आवाज थोडा मोठा निघाला असावा, कारण बाहेरच्या बाकावरून दोघींनीही आत डोकावून पाहिले.

त्याप्रमाणे दुरुस्ती करून घेतली आहे. पुन्हा सगळे वाचून दाखवले, मी ते पूर्ण ऐकले. आता बरोबर आहे. खाली सही माझी आहे, पूर्ण नावाची.