मास्तरांचं सोयर

तुम्ही मघापासून सर्दीवरचे काढे सांगताय, म्हणून आमच्या बाबांचं औषध सांगतो.

बाबा जामसंड्यात शाळामास्तर होते आणि सोयरसुतक न मानणारे वाडीतले एकटेच. आमची धाकटी लेक जन्मली तेव्हा त्यांनी घरात जन्माचं दहा दिवसांचं सोयर पाळू दिलं नाही. बारसं झालं, मागोमाग थंडी पडली आणि वाडीत घरोघरी लोक शिंकायला लागले. बाळ बघायला येणारे मात्र थांबेनात. आला तो आधी बाळाचा मुका घ्यायचा. बायको रडकुंडीला आली, पण दारातून कोणाला परत पाठवणार?

एका सकाळी शेजारचे तात्या नाक पुसत, हातात शहाळं घेऊन आले. बाबा दारात आडवे आले.

"तात्या, आत येव नको. सोयर आसा."

तात्या बघतच राहिले. "मास्तरानू, बारशाच्या घुगऱ्यो खाल्ल्याक महिनो झालो. आणि तुमी सोयर कधीपासून पाळूक लागलास?"

"तुझा नाक वाहता म्हणान परत धाडलंय, तर तू रागावशीत. सोयर म्हटलंय तर कोण रागवना नाय."

तात्या शहाळं पायरीवर ठेवून दारापुढच्या खळ्यातूनच वळले.

मास्तरांकडे सोयर आहे, हे संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. ते तात्यांनीच केलं. थंडी सरेपर्यंत कोणी आत आलं नाही, आणि एवढ्या मोठ्या बाळाचं सोयर कसलं, असं एकानेही विचारलं नाही. पायरीवर शहाळी मात्र येत राहिली.